पारूबाईचं पितळ

घंटेच्या बाबतीत आकाराम ओतारी सख्ख्या भावाचंही ऐकत नसे. कोल्हापुरातल्या त्याच्या भट्टीवर गावोगावची देवळं घंटा ओतून घेत, आणि घंटा ओतायची म्हटलं की लोक भक्तिभावानं घरातली जुनी भांडी आणून देत. आकाराम एकेक भांडं हातात घेऊन वाजवून बघे. तांब्याचं आणि काशाचं ठेवून घेई, पितळेचं मात्र तिथल्या तिथं परत करी.

"पितळ म्हंजे तांबं आन् जस्त," तो सांगे. "घंटेला तांबं आन् कथील लागतंय. जस्त शिरलं की आवाज मरतोय. न्या परत."

देवासाठी आणलेला तांब्या परत नेताना एक म्हातारी रडली, तरी हा बधला नाही. "तुमी मानूस हाय का दगूड?" त्याची बायको पारूबाई तेव्हा म्हणाली होती.

ती पारूबाई यंदाच्या उन्हाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेली. मागं राहिली तिची पितळेची घागर, परात आणि समई. सून मनाली ही भांडी चिंच लावून लख्ख घासून ठेवी. आकारामला ती बघवत नव्हती आणि मोडीत घालायला हात उचलत नव्हता. अशातच जयसिंगपूरच्या जैन बस्तीसाठी, म्हणजे तिथल्या मंदिरासाठी, जिनपाल पाटील घंटा सांगून गेले.

ओतायच्या दिवशी आकारामनं कुणाला न विचारता घागर, परात आणि समई फोडून मुशीत टाकली. रसावर पांढरा धूर उठला. तो जस्ताचा, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण पारू बस्तीत रोज वाजत राहील, एवढंच त्याच्या मनात होतं. दुःखात भला शहाणा माणूसही शेण खातो.

घंटा निवाल्यावर जिनपाल न्यायला आले. आकारामनं टोल दिला. घंटा बद्द वाजली.

मनालीनं खालच्या आवाजात जिनपालना सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "चालतंय की, अण्णा. देवाला भाव पायजे."

"लोकांची भांडी मी परत धाडली," आकाराम म्हणाला. "त्यांचा भाव न्हवता व्हय?"

त्यानं घण मागितला. मुलगा पृथ्वीराज देईना, तेव्हा स्वतः उठून घेतला आणि घंटा फोडली. कासं ठिसूळ, तुकडे भट्टीभर उडाले.

मनाली ते गोळा करू लागली. "आबा, आत्तींचं तेवढं बाजूला काढता येईल का?"

"एकदा मिसळलं की निघत न्हाय, पोरी. कुठल्या तुकड्यात किती हाय, मला तरी कुठं कळतंय?"

पारूबाईच्या मयतीला न रडलेला आकाराम त्या तुकड्यांत बसून हुंदके देऊन रडला. जिनपालनी चपला काढल्या आणि ते त्याच्याशेजारी राखेत बसले.