बरणीवरचा चांद

काडी ओढली की गंधकाच्या वासासरशी धुळ्याच्या त्या वैद्यांचा दवाखाना आठवतो. मी तिथे नवी होते. भस्मांच्या बरण्यांवरच्या खडूच्या खुणा मळकट वाटल्या, म्हणून पुसून टाकल्या आणि सुबक अक्षरांत नावं चिकटवली. औषधं खलणाऱ्या अक्कांना वाचता येत नाही, हे ध्यानातच आलं नाही. एका लेकराच्या पुडीसाठी बरणीकडे गेलेला त्यांचा हात मध्येच थांबला. “माय, मना चांद कोठे गया?” चंद्र म्हणजे चांदी, सूर्य म्हणजे तांबं, नाग म्हणजे शिसं, हे मला तेव्हा कळलं. अंदाजाने नागाची बरणी उचलली असती तर? वैद्यांकडे त्यांनी चकार शब्द काढला नाही. फक्त खडू माझ्या हातात दिला. आता माझं औषधांचं दुकान आहे. वाचता न येणारं कुणी आलं, की सकाळच्या पुडीवर मी सूर्य काढते, रात्रीच्या पुडीवर अक्कांचा चांद.