झाकलेलं उत्तर

धाकटी बहीण माहेरी आली की जवळा बाजारात कौतुकाला ऊत येतो. आकाशाचा मोठा भाग पुन्हा पुन्हा टिपणाऱ्या एका दुर्बिणीच्या गटात ती काम करते. विश्वाच्या प्रसरणाला जोर देणारी ऊर्जा काळासोबत बदलते का, हे ते कोट्यवधी दीर्घिका मोजून शोधतात. मी औंढ्याला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. बारावीत मला तिच्यापेक्षा जास्त गुण होते, हे आता फक्त मलाच आठवतं. जळते मी तिच्यावर. गोड बोलून ते लपवायचं वय गेलं.

यंदा ती आली तेव्हा त्यांचा निकाल उघडायचा होता. त्यांची रीतच अशी, की आकड्यांत मुद्दाम एक गुप्त फरक मिसळून ठेवायचा, म्हणजे खरं उत्तर कुणालाच दिसत नाही. सगळ्या तपासण्या संपल्या की तो फरक काढायचा आणि येईल ते छापायचं. मग एकही आकडा हलवायचा नाही.

आई सोयाबीन निवडत होती. "आपलंच उत्तर आपल्यापासून काहून लपवता गं?"

"मनात जे पायजे असतं ना आई, तेच गणितात दिसू लागतं."

मागचं उत्तर बघून गणित जुळवू नका, असं मीही वर्गात घसा कोरडा करून सांगते. माझं कुणी ऐकत नाही. तिचं ऐकून आईने मान डोलावली.

ऊर्जा बदलते असं निघालं, तर पुस्तकात नवं प्रकरण येणार. ते मलाच शिकवावं लागणार, कौतुकासकट. मी मनातल्या मनात नागनाथाला सांगितलं, काही नवं निघू देऊ नकोस.

नेट आमच्याकडे गच्चीवरच येतं. दुपारी ती तिथे लॅपटॉप घेऊन बसली. पडद्यावर देशोदेशीची माणसं. चहाच्या निमित्ताने मी मागे उभी राहिले. आलेख उघडला आणि त्यांचा ठिपका जुन्या सिद्धांताच्या रेघेवर नीट जाऊन बसला. ऊर्जा बदलल्याची काही खूण नव्हती.

नागनाथ पावला होता. "वाईट झालं गं," मी शक्य तितकं तोंड पाडून म्हटलं.

ती वळली. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "वाईट काहून, ताई? आमी डोळे झाकून मोजलं, तरी बराबर रेघेवर! आमचं मोजमाप पक्कं हाय!"

तिने मला मिठी मारली, अर्धा चहा सांडला. तिच्या खांद्यावरून मी तो ठिपका बघत राहिले. मी मागितलं तसंच निघालं होतं, आणि आनंद तिलाच झाला.