सुताराचा उजवा हात

परदेशी पाहुण्यांना घरोघरी ठेवणाऱ्या संस्थेची बाई घर बघायला आली तेव्हा सुतार चांगला धडधाकट होता. परदेशातून येणाऱ्या पाहुणीसाठीची खोली त्यानेच दाखवली, स्वतः बनवलेल्या कपाटाचे खण दोन-दोनदा सरकवून दाखवले. कागदावर ‘घरात कोणी आजारी नाही’ असं छापलं होतं. त्याखाली त्याच्या बायकोने, म्हणजे टेलरबाईने, सही केली. तेव्हा ते खरंच होतं. पुढे पाहुणी यायला नऊ दिवस उरले असताना सुतार रंधा मारता मारता खाली बसला आणि त्याला उठता येईना. उजवं अंग गेलं, वाचाही गेली.

दवाखान्याने पाच दिवस ठेवून घेतलं आणि घरी धाडलं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: अर्धांगाच्या रुग्णांसाठी गावात जे एकच व्यायाम केंद्र आहे तिथे नाव घाला, पहिले तीन महिने मोलाचे आहेत.

टेलरबाईसारखी सरळ बाई गल्लीत दुसरी नव्हती. गिऱ्हाइकाचं वीतभर उरलेलं कापडसुद्धा ती घडी घालून परत करायची. पण सुताराची कमाई थांबली होती आणि पाहुणीच्या राहण्याखाण्याचे जे पैसे संस्था देणार होती, त्यांच्यावरच आता घर चालायचं होतं. आजारी माणूस दिसला की पाहुणीला दुसऱ्या घरी हलवतात, हे संस्थेच्या बाईने बजावून सांगितलं होतं.

तोडगा काढला तो नणंदेने. ही सुताराची थोरली बहीण, जन्मभर याच घरात राहिलेली आणि प्रत्येक गोष्टीवर मत असलेली. “वहिनी, चार दिवस त्याला मागच्या कारखान्यात झोपवू. पोरगी रुळली की सावकाश सांगू. तोवर मालक बाहेरगावी कामाला गेलेत म्हणायचं.”

कारखाना म्हणजे अंगणापलीकडची एक खोली. फळ्या भिंतीला लावून तिथे खाट टाकली. टेलरबाईने आपलं शिलाई मशीनही तिथेच दाराशी नेलं. सुताराच्या तोंडून अधूनमधून नुसताच आवाज निघायचा. तो निघाला की ती पायाखाली मशीन जोरात पळवायची.

पाहुणी आली ती पाठीवर स्वतःएवढी पिशवी घेऊन. इतकी उंच, की पहिल्याच दिवशी न्हाणीघराच्या चौकटीवर दोनदा डोकं आपटलं. टेलरबाईने तिला गरम पाण्याचं बटण दाखवलं, पुढचं दार किल्ली फिरवताना जरा उचलून धरावं लागतं ते दाखवलं, आणि अंगणाकडे बोट करून सांगितलं, “तिकडे जायचं नाही हं बाळ, करवती आहेत.” पाहुणीने शहाण्यासारखी मान हलवली. जेवण झाल्यावर सगळ्यांची ताटं घासायला घेतली. “हिला लग्नाआधीच सासर भेटलं,” नणंद म्हणाली. पाहुणीला काही कळलं नाही, तरी ती हसली. टेलरबाईला मात्र त्या हसण्याने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी सकाळी, चहा पिताना, पाहुणीने आपलं काम समजावून सांगितलं. तोवर टेलरबाईला एवढंच ठाऊक होतं की ही दवाखान्यात मदत करते. पाहुणीने नणंदेचा हात उचलून टेबलावर ठेवला आणि मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाली, “काकू, डोक्यात रक्त अडकतं. हात झोपतो. मी व्यायाम केंद्रात. मी हात जागा करते.”

टेलरबाईने हातातली बशी खाली ठेवली. सांगायचं तर तोच क्षण होता. अंगण ओलांडायला वीस पावलंसुद्धा लागली नसती.

पाहुणी कामाला गेली तशी तिने नणंदेला गाठलं. “वन्सं, आज सांगते मी.”

“सांग की. म्हणजे पहिल्याच आठवड्यात खोटारडी ठरशील आणि ती पिशवी उचलून चालती होईल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

नणंद कपबशा उचलून मोरीकडे गेली. सुतार तिचा सख्खा भाऊ होता.

आज सांगू, उद्या सांगू करत आठवडे गेले. केंद्रात नाव घालायची सोय उरली नव्हती, कारण नाव घातलं असतं तर पाहुणीच समोर आली असती. गल्लीला सगळं माहीत होतं, पण गल्लीही मूग गिळून बसली. मग टेलरबाईने चोरून शिकायचं ठरवलं. “आमच्या एका गिऱ्हाइकाच्या नवऱ्याला असंच झालंय,” ती जेवताना म्हणायची. पाहुणीला आपलं काम कोणी विचारतंय याचाच आनंद. ती सगळं करून दाखवायची. “रोज हलवा, काकू. हळू. खांद्याला खालून आधार.”

हळू म्हणजे काय ते टेलरबाईला कळलं होतं, पण पटलं नव्हतं. धुतल्यावर आटलेलं कापड ती दोन टोकांना धरून ताणून सरळ करायची. चाळीस वर्षांत तिला त्याशिवाय दुसरा उपाय सापडला नव्हता. शिवाय वाया गेलेले दिवस भरून काढायचे होते. ती मनगट धरायची आणि हात डोक्यावर नेईपर्यंत ओढायची. सुताराच्या डोळ्यांतून पाणी यायचं. “अहो, थोडं सोसा. तुम्हाला रंधा धरायचाय ना?” असं म्हणत ती पुन्हा ओढायची. जितका तो कळवळायचा तितकं तिला वाटायचं की हाताला जाग येतेय.

मग एके दुपारी केंद्रात वीज गेली आणि पाहुणी लवकर घरी आली. टेलरबाई तेव्हा मशीनवर नव्हती, खाटेशी होती. तिने हात ओढला आणि सुतार असा ओरडला, की पाहुणी करवती-बिरवती विसरून अंगणातून धावत आली.

दारात ती क्षणभर थांबली. मग बूट काढून खाटेशी गुडघ्यांवर बसली. तिने आधी उशी घेतली, दुखऱ्या हाताखाली सारली. मग खांदा चाचपला. हाडाखाली तिचं बोट आत गेलं, जिथे ते जायला नको होतं. खांदा जागेवरून खाली उतरला होता.

“कधीपासून आजारी?” तिने विचारलं.

“तू यायच्या आधी नऊ दिवस,” टेलरबाई म्हणाली.

“मी अकरा आठवडे इथे आहे, काकू.” आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “रोज वीस लोकांचे हात धरते.”

टेलरबाईने पदर तोंडाशी नेला. नणंद दारात येऊन उभी राहिली होती, आणि आज तिच्याकडेही मत नव्हतं.

“हात कोणी ओढला?” पाहुणीने विचारलं.

टेलरबाई सांगायला पुढे सरकली. तेवढ्यात खाटेवर हालचाल झाली. सुताराने डावा हात उचलला आणि आपल्याच छातीवर दोनदा आपटला. मी. मीच ओढला. पाहुणीकडे तो असा रोखून पाहत होता, जसं काही तिने विश्वास ठेवलाच पाहिजे.

पडल्या पडल्या स्वतःचा हात कोणी इतका ओढू शकत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. पाहुणीला तर सगळ्यात जास्त.

“बरं,” ती हलकेच त्याला म्हणाली. “आता नाही ओढायचा, काका.”

“मी ओढला,” टेलरबाई म्हणाली. “अगं, मी ओढला, ते खोटं सांगताहेत.”

पाहुणीने मागे वळून पाहिलं नाही. तिने तो उतरलेला हात खालून दोन्ही तळव्यांवर घेतला आणि सुताराला विचारलं, “इथे दुखतं?”