अनेकांत मगदूमचा पवित्रा

अनेकांत मगदूम कुणाकडे गेला की घरातली माणसं "या, बसा" म्हणायच्या आधी "डोकं, डोकं" म्हणतात. सव्वासहा फूट उंची. मोटरसायकलवर बसला की गुडघे हँडलच्या वर जातात आणि बघणाऱ्याला वाटतं, गाडी हाच उचलून घेऊन चाललाय. रस्त्यात सिग्नलला कुणीतरी अनोळखी माणूस शेजारी येऊन विचारतोच, "पावणं, वर हवा कशी हाय?" दुसरा असता तर तोंड वाकडं केलं असतं. अनेकांत खरोखर विचार करतो आणि सांगतो, "बरी आहे. थोडं वारं सुटलंय."

हा त्याचा स्वभाव घरातूनच आलेला. वडिलांनी नाव ठेवलं ते सगळ्या बाजू बघणारा माणूस व्हावा म्हणून, आणि मगदूमांच्या घरात कुणाचंही बोलणं सरळ खोटं ठरवायची पद्धत नव्हती. आमटी खारट झाली म्हणणारा बरोबर, मीठ घालणारी आई तिच्या बाजूनं बरोबर, आणि न बोलता ताक ओतून घेणारे आजोबा तर सगळ्यात बरोबर. पुढं अनेकांत यंत्रमागाचं साहित्य विकायला लागला. इचलकरंजीजवळच्या कबनूरच्या मागवाल्यांना धोटे, पट्टे पुरवायचे, त्यांची गाऱ्हाणी ऐकायची. गिऱ्हाईक म्हणेल ते त्याला मनापासून पटायचं, त्यामुळं धंदा बरा चालला. धंद्यात चाललं ते पूलच्या, म्हणजे त्या बिलियर्डसारख्या खेळाच्या, टेबलावर मात्र चालेना.

पूलचं खूळ मूळचं त्याच्या बायकोचं. आदिती गडहिंग्लजची, कॉलेजला बेळगावात होती आणि तिथून पदवीबरोबर हा खेळ घेऊन आली. पतसंस्थेतलं काम संपलं की ती कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कृष्णातच्या पूल-पार्लरमध्ये जायची. मिसळीच्या हॉटेलावरचा पहिला मजला, त्यात दोन टेबलं आणि भिंतीला लागून बाकडी. लग्नानंतर सगळं वर्ष अनेकांत त्या बाकड्यावर बसला, मांडीवर तिची पर्स आणि हेल्मेट घेऊन. घरात सासूसमोर आदिती त्याला "अहो" म्हणायची आणि मापात हसायची. टेबलाशी ती वेगळीच होती. बाह्या सरसावायची, समोरच्याला डिवचायची, नेम लागला की खिदळायची. हे सगळं ती करायची पूर्णिमाबरोबर, तिच्या जोडीदारणीबरोबर. अनेकांत बाकड्यावरून बघायचा आणि त्याला वाटायचं, आपण टेबलाच्या त्या बाजूला पाहिजे होतो.

मग पूर्णिमा नोकरीसाठी पुण्याला गेली आणि कृष्णातनं जोडीची स्पर्धा जाहीर केली. अनेकांतनं त्याच संध्याकाळी पर्स बाकड्यावर ठेवली आणि काठी हातात घेतली. क्यूला तिथं सगळे काठीच म्हणायचे.

आता कोल्हापुरात कुठलाही खेळ दोघांत होत नाही. दोघं खेळतात आणि बाकीचे खेळवतात. फुटबॉल असो, कॅरम असो, नाहीतर गल्लीत कुणी गाडी मागं घेत असो, बघणाऱ्यानं गप्प बसणं म्हणजे कर्तव्यात कसूर. कृष्णातच्या बाकड्यांवर असले पुष्कळ कर्तव्यदक्ष बसायचे. त्यांचे मुकादम हंबीरराव. एकेकाळी तालमीत अंग घुसळलेले, आता मिसळ खाऊन वर चढायचे ते पंख्याखाली बसायला. काठी त्यांनी जन्मात धरली नव्हती, पण सव्वासहा फुटी शिकाऊ माणूस बघून त्यांच्यातला वस्ताद जागा झाला.

"मगदूम, पाय रोव," ते म्हणाले. "मांडी घट कर. आन् छाती पुढं काढ, लग्नात आल्यासारखा उभा ऱ्हाऊ नगंस."

अनेकांतनं पाय रोवले, छाती काढली, आणि बॉल भलतीकडं गेला. मग एका दूधवाल्यानं सांगितलं की चूक उंचीत आहे, म्हशीखाली बसतात तसं गुडघ्यात बसा आणि कपाळ काठीला टेकवा. अनेकांत बसला. टेबलाच्या वर नुसते डोळे दिसायला लागले. मग एक रिक्षावाला म्हणाला, एक डोळा झाका आणि आरशातनं मागची गाडी बघताय असं बघा. अनेकांतनं तेही केलं. गुडघ्यातून उठताना टेबलावरच्या दिव्याला डोकं लागलं, दिवा झोके खायला लागला, आणि सगळ्या बॉलांच्या सावल्या गावभर हिंडून आल्या. कृष्णातनं दिव्याच्या कडेला जुना टॉवेल गुंडाळला. डोक्यासाठी नव्हे, दिव्यासाठी. त्याचं स्वतःचं म्हणणं थोडक्यात होतं: कसंबी उभं ऱ्हावा मालक, कापड तेवढं फाडू नका.

असं रोज. एका बॉलाला पैलवान, दुसऱ्याला गवळी, तिसऱ्याला रिक्षा. मध्येच एखादा नेम लागायचा, पण तो कुणाच्या सल्ल्यानं लागला यावरून बाकड्यावर वाद व्हायचा आणि अनेकांतला दोन्ही पक्ष पटायचे.

आदिती बघत होती. एकदा घरी जाताना ती मागच्या सीटवरून म्हणाली, "तू उभा कसाही राहा रे. पण रोज तोच राहा."

"हेही बरोबर आहे," अनेकांत म्हणाला.

"हेही नाही. हेच."

तिनं मग स्पष्टच सांगून टाकलं. स्पर्धा ती जिंकायला खेळते. येत्या रविवारी विश्वजितशी एक डाव लावू, तू आणि मी एकीकडे. त्यात जमतंय असं दिसलं तर तुझं नाव देतो, नाहीतर विश्वजितला जोडीला घेतो. गडहिंग्लजच्या बाया बोलतात तसं ती "देतो", "घेतो" म्हणायची आणि त्या बोलण्यात मागंपुढं कधी नसायचं. विश्वजित पार्लरमधला सगळ्यात चांगला खेळाडू होता. अनेकांतला विश्वजितची बाजूही दिसत होती, पण आयुष्यात पहिल्यांदाच ती पटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो कबनूरला कल्लाप्पा चौगुलेंच्या कारखान्यात गेला. कल्लाप्पांच्या पुतण्यानं कधीकाळी इचलकरंजीत पार्लर काढलं होतं, ते बंद पडल्यावर टेबल काकांच्या गळ्यात आलं होतं. मागांच्या लगतच्या खोलीत ते पडून होतं, अर्ध्या टेबलावर कापडाचे तागे रचलेले. अनेकांतनं ते शेकडो वेळा पाहिलं असेल, पण पावतीवर सही करायला टेकण्यापलीकडं त्याचा उपयोग त्याला सुचला नव्हता. आज सुचला. काठी आणि चार बॉल टेबलाखालच्या पेटीत सापडले.

ताग्यांची एक चळत टेबलाच्या कडेला खाली जमिनीवरही होती, म्हणून टेबलाला चिकटून उभं राहता येईना. लांबच उभं राहावं लागलं. लांब उभं राहायचं तर पाय फाकवावे लागले, पुढचा गुडघा वाकवावा लागला, आणि कमरेतून सबंध अंग आडवं घालावं लागलं. हात त्याचे मुळात लांब, काठी अगदी शेवटाला धरावी लागली. आणि मजा अशी झाली की हनुवटी आपोआप काठीवर आली आणि मागचं कोपर मोकळं लोंबायला लागलं. आजवर टेबलाला बिलगून उभा राहायचा म्हणून ते कोपर बरगडीत अडकत होतं, हे त्याला आत्ता कळलं.

शिवाय तिथं कुणी बोलत नव्हतं. म्हणजे बोलत असतील, ऐकू येत नव्हतं. पलीकडं सगळे माग एकदम चालू, खटाक् खटाक् खटाक्, धोटा इकडून तिकडं आणि तिकडून इकडं. माणसं तिथं हातवाऱ्यांनी बोलतात. त्या आवाजात हंबीररावांचा डोक्यात राहिलेला आवाजसुद्धा बुडाला. अनेकांतचा हात धोट्याबरोबर मागं-पुढं व्हायला लागला आणि बॉल सरळ जायला लागला.

कल्लाप्पा दारात येऊन बघत राहिले. ह्याला टेबल विकत पाहिजे आणि हा आडवा पडून माप घेतोय, असा त्यांचा समज झाला. त्यांनी दोन्ही हात हलवून विकायचं नाही असं खुणेनं सांगितलं, आणि त्याच हातांनी चहाला बोलावलं.

तो सगळा आठवडा कबनूरच्या मागवाल्यांना न मागता साहित्य पोचत होतं. वाटेत कल्लाप्पांचा कारखाना लागायचाच.

रविवारी पार्लर भरलं होतं. डाव कशासाठी आहे हे कृष्णातनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. विश्वजितच्या जोडीला सम्राट नावाचा त्याचा मित्र होता. आदितीनं फोडलं, एक बॉल घेतला, आणि पाळी फिरून अनेकांतवर आली. तो टेबलापासून लांब उभा राहिला, पाय फाकवले, गुडघा वाकवला.

"ए मगदूम," हंबीरराव म्हणाले, "लांब का रं? टेबल चावतंय व्हय?"

बाकडी हसली. अनेकांत पुढं सरकला. मोठा माणूस इतक्या आपुलकीनं विचारतोय म्हटल्यावर मागं कसं राहायचं? कोपर बरगडीला लागलं आणि बॉल गेला उजवीकडं. पुढच्या पाळीला दूधवाल्यानं गुडघ्यांची आठवण केली, बॉल उडून कडेला आदळला. आदिती काठीच्या टोकाला खडू लावत राहिली, लागून झाला होता तरी.

तिसऱ्या पाळीला अनेकांत वाकला, मागून "डोळा, डोळा" आलं, आणि तो सरळ उभा राहिला.

"जरा गप बसा की सगळी," तो म्हणाला.

मगदूमाच्या तोंडून असलं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं, बहुतेक त्यानंही नाही. पार्लर इतकं शांत झालं की खालच्या हॉटेलात कुणीतरी मिसळीवर जादा कट मागितला तेही वर कळलं. हंबीररावांनी मान फिरवून भिंतीकडं केली. आणि त्या शांततेत अनेकांत वाकला, तेव्हा त्याला आतून सगळं लख्ख ऐकू यायला लागलं. पाय रोव. कपाळ टेकव. आरशात बघ. वर आता हंबीररावांचं मन दुखावल्याचा सलही. ज्यानं मारायचं तो पांढरा बॉलच खड्ड्यात गेला.

विश्वजित हळूच म्हणाला, "दादा, टेन्शन नका घेऊ." त्यानं जास्तच लागलं.

काठी धरून उभ्या अनेकांतला कबनूरच्या मागांचा खडखडाट आठवला. सम्राट खेळला, आदिती खेळली, विश्वजित खेळला. पाळी आली तसा तो हंबीररावांसमोर गेला आणि वाकला, कारण वाकल्याशिवाय त्यांच्या डोळ्यांत बघता येत नव्हतं.

"काका, चुकलं माझं. बोला तुम्ही. पण एकेकट्यानं नको. सगळ्यांनी एकदम बोला, आणि मी थांबा म्हणेपर्यंत थांबू नका."

असली विनंती कोल्हापुरात आजवर कुणी कुणाला केली नसेल. "एकदम व्हय?" हंबीररावांनी खात्री करून घेतली, आणि बाकड्यांकडं वळून हात वर केला.

मग जे सुटलं. पैलवानकी, म्हैस, आरसा, उसाचा दर, कुणाची तरी राहिलेली उधारी, सगळं एकाच वेळी. रिक्षावाला बाकडं बडवायला लागला. दूधवाल्यानं शीळ घातली. कृष्णात "कापड, कापड" ओरडत होता, पण त्यातलं क सुद्धा पोचत नव्हतं. एकाचंही ऐकू येत नव्हतं म्हणून कुणाचंच ऐकायची गरज नव्हती. अनेकांत मागं सरला. पाय, गुडघा, कंबर, हनुवटी. हात मागं गेला, पुढं आला. बॉल सरळ आत.

पुढच्या पाळीला तसाच उभा, तसाच आत. विश्वजितच्या वेळी मंडळी दम खायची, पाणी प्यायची, आणि अनेकांत वाकला की पुन्हा सुरू व्हायची. एक चुकला, डावीकडून निसटून. एक लागला. आणखी एक चुकला, डावीकडूनच. शेवटी काळा बॉल तेवढा राहिला, तो घालील त्याचा डाव, पाळी अनेकांतची, लांबचा सरळ नेम. हंबीररावांच्या मानेच्या शिरा फुगल्या. अनेकांतनं मारला. काळा बॉल खड्ड्याच्या डाव्या ओठाला लागला, थरथरला, आणि बाहेरच थांबला.

सम्राटनं तो नुसता ढकलला. डाव संपला.

अनेकांतनं काठी भिंतीला लावली आणि बाकड्यावरची पर्स उचलली. विश्वजितकडं जाऊन तो म्हणाला, की तुम्ही आणि आदिती खरंच छान खेळाल, मी मनापासून सांगतो.

"कुठं निघालास?" आदितीनं विचारलं.

"हरलो की."

"हरलो ते मला दिसलं. मी बॉलपेक्षा तुझे पाय बघत होतो. आधी तू दर वेळी नव्यानंच चुकायचास. मला कळायचंच नाही, काय सांगावं. आता जेवढे चुकलास तेवढे सगळे एकाच अंगाला. ह्याला इलाज आहे." आणि ती कृष्णातकडं वळली. "जोडीचं नाव घे. आदिती आणि अनेकांत मगदूम."

कृष्णातनं विश्वजितकडं बघितलं. विश्वजित हसत म्हणाला, "घे की. मला बरंच हाय, वैनींच्या समोर खेळायला मिळंल आन् दादांच्या पाळीला च्या पिता येईल."

हंबीररावांचा गळा पार बसला होता. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, स्पर्धेच्या दिवशी पंच एवढा दंगा करू देणार न्हाईत, तवा पोराला शांततेचीबी सवय लावा. मग जिना उतरून ते दुसऱ्यांदा मिसळ खायला गेले, आणि त्यांच्यामागं एकेक करून बाकडी रिकामी झाली.

आदितीनं काळा बॉल पुन्हा मघाच्या लांबच्या नेमाच्याच जागी ठेवला. स्वतः पलीकडच्या खड्ड्यामागं उकिडवी बसली, हनुवटी टेबलाच्या कडेला, नजर त्याच्या कोपरावर. अनेकांत मागं सरून वाकला. आता कुणीच ओरडत नव्हतं, आणि सांगणारं एकच माणूस होतं.

"कोपर बाहेर जातंय तुझं. मार, बघू."

त्यानं मारला. बॉल डाव्या ओठाला लागून बाहेर आला, अगदी मघासारखा.

"बघ, तसाच गेला," आदिती खिदळून म्हणाली, इतक्या खुशीत, की खाली हंबीररावांनी चमचा थांबवून शेजारच्याला सांगितलं, लागला वाटतं.