नवमीला धुतलेली वाकळ

मी लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा माझं लग्नाचं वय उलटून गेलं होतं आणि नवऱ्याचं हे दुसरं लग्न होतं. दोन्हीकडच्या माणसांनी 'जमलं बुवा एकदाचं' म्हणून हात झटकले. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं ती. घर पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला, तीन मजली इमारतीत सगळ्यात वर. घरात नवरा, सासूबाई आणि नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी. मुलगी नुकती बालवाडीत जायला लागली होती. ती रांगत होती तेव्हाच तिची आई हॉस्पिटलात कसल्याशा तापानं गेली.

मला नवऱ्याची भीती नव्हती, सासूचीही नव्हती. लालबागच्या चाळीत वाढलेली मी, कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. पण त्या एवढ्याशा पोरीपुढे माझी बोबडी वळायची. ती मला काहीच म्हणायची नाही. आई नाही, मावशी नाही, काकूसुद्धा नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहायची आणि माझ्या पदराकडे बघत बसायची. सासूबाई म्हणायच्या, होईल हळूहळू. मी मान डोलवायचे. आतून मला पक्कं ठाऊक होतं की हिनं मला आपलं म्हटलं नाही तर या घरात मी जन्मभर पाहुणी राहणार.

पोरीचं सगळं जग एका गोधडीत होतं. तिच्या आईनं पोटुशी असताना शिवलेली, जुनी लुगडी आणि स्वतःच्या साड्या एकावर एक घालून. हातानं घातलेले बारीक धावदोरे, कडेला लाल पट्टी. तिची आई गेल्यापासून ती गोधडी धुतलेली नव्हती. पोरगी धुऊ द्यायचीच नाही. हात लावला की अशी किंचाळायची की शेजारची दारं उघडायची. रात्री तीच अंगावर, दुपारीही तीच, आणि आंघोळ झाली की ओल्या केसांनी पुन्हा तिच्यातच. कडेची पट्टी तेलकट काळी झाली होती आणि एका कोपऱ्यात दोरे सुटून आतलं हिरवं लुगडं बाहेर डोकावत होतं. मळ कापड खातो हे मला कळत होतं. आणखी एखादं वर्ष असंच गेलं असतं तर गोधडीच्या चिंध्या हातात आल्या असत्या.

एका दुपारी मी गच्चीवर चादरी वाळत घालत होते. आमच्या चाळीत अंथरूण वाळवण्याचं शास्त्र एवढंच होतं की दोघींनी दोन टोकं धरून कचकचून पिळायचं आणि गॅलरीच्या कठड्यावर टाकायचं. दुसरी बाई नव्हती म्हणून मी चादरीचं एक टोक नळाला अडकवून पिळत होते. मागून आवाज आला.

"पिळू नको. दोरे तुटतात."

दारात पोरगी उभी होती. ती माझ्याशी आपण होऊन बोललेलं ते पहिलं वाक्य. मला एवढा आनंद झाला की चादर हातातून सुटली. मी लाडानं विचारलं की हे तुला कुणी सांगितलं.

"आईनं."

"कधी गं?"

"आत्ता," ती म्हणाली आणि खाली निघून गेली.

मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. मी ते हसण्यावारी नेलं. पण त्यानंतर माझे कान त्या खोलीकडेच लागून राहायचे. दुपारी सासूबाई लवंडल्या की गोधडीखालून कुजबुज ऐकू यायची. पोरगी काहीतरी विचारायची, मग गप्प बसायची, समोरचं माणूस बोलत असताना आपण थांबतो तेवढा वेळ. मग "बरं" म्हणायची. हळूहळू ती मला एकेक सांगायलाही लागली, तेही अगदी ठसक्यात. सोडा घालायचा नसतो, रिठे भिजवायचे. ब्रशनं घासायचं नाही, पायानं तुडवायचं. जड असेल ते दोन दोऱ्यांवर टाकायचं, म्हणजे एका दोरीवर ओझं येत नाही. उलटी बाजू उन्हाला द्यायची आणि दुपारी फिरवायची. उन्हातून काढलं की लगेच घडी घालायची नाही, आधी निवू द्यायचं. आणि गोधडीला ती गोधडी म्हणायची नाही. वाकळ म्हणायची.

मी सासूबाईंना विचारलं की हे सगळं तुम्ही शिकवलंत का. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"माका म्हायत नाय गो," त्या म्हणाल्या. "आमच्या कोकणात वाकळ खंय? हिची आई देशावरची. ती करी असा सगळा."

आई गेली तेव्हा पोरगी रांगत होती. रांगतं मूल रिठे आणि सोडा यातला फरक कसं लक्षात ठेवणार? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, लहान आहे, काहीतरी बडबडते, आणि त्यानं पेपर तोंडापुढे धरला. पण पेपरचं पान बराच वेळ उलटलं नाही.

पुढे पितृपंधरवडा लागला. नवरात्र बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, ही रीत सासूबाईंनी मुलुंडलाही सोडली नव्हती. पावसाळाभर मिठागरांवरचा खारा दमट वारा खाऊन गाद्या-चादरी नुसत्या सादळलेल्या असायच्या. आमचं ठरलं होतं की नवमी उरकली की धुण्याला लागायचं. अविधवा नवमी, म्हणजे नवरा मागे ठेवून सवाष्णपणी गेलेल्या बाईचा दिवस. त्या दिवशी तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवायला बोलवायचं, तिची ओटी भरायची. आमच्या घरी ती कोण, हे सांगायला नकोच. तिच्या दिवसाचा स्वयंपाक मी करणार होते आणि मला ते जरा जडच जात होतं, खोटं कशाला बोलू.

नेमकी नवमीच्याच पहाटे पोरीनं झोपेत वाकळ ओली केली.

ती तशी कधी करायची नाही. ओल्या कपड्यांनी कोपऱ्यात उभी होती, वाकळीचं टोक दोन्ही हातांनी आवळून. सासूबाई नारळ खवत होत्या, तशाच उठून आल्या. बघून म्हणाल्या, "आज नको गो धुव. आज तिचो दिस आसा." एखादा दिवस बाजूला ठेवून दे, उद्या बघू, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं, पण आधीच कुजत आलेल्या कापडात ही ओल दिवसभर मुरली की ते संपलंच. मी पोरीपुढे खाली बसले.

"धुतलीस तर ती जाईल," पोरगी म्हणाली.

"वास जाईल म्हणतेस?"

"ती."

 लहान मुलाला खोटं ठरवून त्याचा विश्वास मिळत नाही. मी म्हटलं, "आणि नाही धुतली तर वाकळ कुजेल. मग ती राहील कुठं?"

तिनं बराच विचार केला. मग एकेक बोट सोडवत टोक माझ्या हातात दिलं.

आदल्या रात्री भिजत घातलेल्या डाळीच्या पातेल्याशेजारी मला रिठ्यांचं भांडं दिसलं. रिठे भिजून फुगलेले होते. मी भिजवले नव्हते. सासूबाईंनी भिजवले असतील असं धरून चालले आणि विचारायचं मुद्दाम टाळलं.

गच्चीवर गेले. कठडा बुटका होता, पोरगी मागोमाग येऊ नये म्हणून दाराला गच्चीच्या बाजूनं कडी घातली. पत्र्याच्या मोठ्या टबात रिठ्यांच्या पाण्यात वाकळ भिजवून तुडवायला लागले. पहिलं पाणी गढूळ निघालं, दुसरं हिरवट, तिसरं कुंकवाच्या पाण्यासारखं लाल. आणि वास उठला. इतकी वर्षं कापडात बसलेला बाईमाणसाचा वास, माक्याचं तेल, पावडर, थोडासा घाम. एखादी बाई शेजारी येऊन उभी राहिली तर येतो तसा, ताजा. ती मेलेली आहे हे माझ्या नाकाला पटेना.

भिजलेली वाकळ म्हणजे धोंडा. कशीबशी उचलून दोन दोऱ्यांवर टाकली, उलटी बाजू वर करून. आता ती ताणून सरळ करायची होती, नाहीतर आतले थर गोळा होतात. हे एकटीचं काम नव्हे. इकडून ओढलं की तिकडून घसरते. तरी मी ओढलं. ती घसरली नाही. पलीकडून कुणीतरी धरली होती.

वाकळीआड पलीकडचं काही दिसत नव्हतं. मला वाटलं, सासूबाई आल्या. बरं वाटलं. मी ओढलं की पलीकडून सैल सोडलं जायचं, मग पलीकडून ओढलं की मी सोडायचे. दोन बायका वर्षानुवर्षं एकत्र धुणं वाळत घालत असल्या की हाताला जी लय लागते, ती होती. कोपरे झाले, मध्य झाला, कडेची पट्टी झाली. सुटलेल्या कोपऱ्यापाशी मी जरा जोरानं ओढलं, तर पलीकडून हलकेच दोन झटके आले, जपून, अशा अर्थाचे. मी हसून म्हटलं, "झालं, सोडा आता."

सोडली. मी वाकळीला वळसा घालून पलीकडे गेले. तिथं कुणी नव्हतं. गच्चीवर पाण्याची टाकी, अँटेनाचा खांब आणि ऊन, एवढंच. वाकळीची पलीकडची बाजू मात्र एकही सुरकुती नसलेली, ताठ. दाराला कडी तशीच होती, माझ्याच बाजूनं.

मी खाली कशी आले ते आठवत नाही. सासूबाई शेगडीपाशीच होत्या, पोरगी त्यांच्या मांडीवर खोबरं खात होती. वर आला होतात का, मी विचारलं. "मी?" त्या म्हणाल्या, "ह्ये गुडघे घेवन?" मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. देवापुढचा अंगारा माझ्या कपाळाला लावला आणि वडे तळायला बसवलं.

सवाष्ण जेवून गेली. दुपार झाली. वाकळ फिरवायला वर जायला हवं होतं आणि पाय उचलत नव्हते. शेवटी राग आला. मेलेल्या बाईनं घरातल्या जित्या बाईला गच्ची बंद करावी हा कुठला न्याय? तणतणत जिने चढले. वाकळ फिरवलेली होती. सुलटी बाजू उन्हाला, दोन्ही दोऱ्यांवर सारखी तोललेली. वाऱ्यानं कापड उडतं, घसरतं, पडतं. वारा ते नीट उलटून घालत नाही.

मी तिथंच बसून राहिले, टाकीच्या सावलीत. भीती होतीच, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मत्सर जास्त होता. इतकं जीव लावून करणाऱ्या बाईपुढे माझा काय पाड लागणार होता? पोरीनं तिला का सोडावं आणि मला का घ्यावं?

दिवेलागणीच्या आत वाकळ काढली, खांद्यावर टाकून निवू दिली. जिन्यात थांबून नाकाशी धरली. रिठ्यांचा आणि उन्हाचा वास होता, बाकी काही नाही. माक्याचं तेल नाही, पावडर नाही. कोपरा न् कोपरा हुंगला.  पोरीनं पहाटे सांगितलं होतं तेच मी केलं होतं. तिची आई मी धुऊन टाकली होती.

पोरीनं वाकळ घेतली. ती रडेल म्हणून मी तयारीत होते. तिनं चारी कोपऱ्यांना नाक लावलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडेला गादीवर वाकळ पसरून आत शिरली. दिवसभराच्या दगदगीनं ती न जेवताच झोपणार असं दिसत होतं. मी दूधभात कालवून दारात आले आणि तिथंच थबकले.

ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती.

"सरक ना गं आई थोडी," ती म्हणत होती. "तिला पण झोपू दे इथं. तिनं किती छान धुतलीय बघ."

मग ती गप्प झाली, ऐकत असल्यासारखी. आणि "बरं" म्हणाली.

मी बघत होते. पोरगी जागची हलली नव्हती. पण भिंतीकडची वाकळ, जी इतका वेळ आत कुणी निजल्यासारखी उचललेली दिसत होती, ती सावकाश खाली बसली. पोरीनं मागे न बघता आपल्या अलीकडची कड उचलून धरली आणि गादीवर हात थोपटला.

आयुष्यात मला तेवढी भीती कधी वाटली नाही, आणि मी तेवढी सुखावलेही नाही. ताटली मी खाली ठेवली, हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून मागे सारल्या आणि तिनं धरून ठेवलेल्या वाकळीखाली शिरले.