दुभाषी नेमका कुणाला लागतो?

डोकं अजून तापलेलंच आहे राव. म्हणून घरी न जाता स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत बसून लिहितेय.

आज नारायणगावात आम्हा आदिवासी मानसतज्ज्ञांसाठी नेतृत्व प्रशिक्षण होतं. मी भीमाशंकरच्या बाजूची, महादेव कोळी जमातीची. लई आशेनं गेले होते.

सरावात एक मैत्रीण पेशंट झाली. मी विचारलं, "कवापासून असं व्हतंय?" मार्गदर्शक मॅडमनी तिथंच थांबवलं. "व्हतंय नाही, होतंय म्हण. लीडर असं बोलतो का?" सगळे हसले.

जेवताना त्याच मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, पुढच्या महिन्यात तुमच्या गावांत मानसिक आरोग्याचं शिबिर घेतेय. तिकडचे लोक माझ्याशी मोकळं बोलत नाहीत. तू येशील ना?"

"म्हणजे शिबिर मी चालवायचं?"

"छे गं, चालवणार मीच. तू दुभाषी."

हातातला घास ताटात ठेवला. म्हटलं, "मॅडम, माझ्या माणसांना दुभाषी लागत न्हाई. तुमाला लागतो. मग शिबिर कुणी चालवायचं, तुमीच सांगा."

मॅडम पापड मोडत बसल्या.

दोस्तांनो, यांना गरजेपुरती आपली बोली चालते, मग खुर्चीत आपण का चालत न्हाई?