हळूबाईंनी न केलेली सही

बाईंना जितका राग यायचा, तितका त्यांचा आवाज खाली जायचा. नाशिकच्या आमच्या कॉलेजात त्या ग्रंथपाल होत्या आणि पोरं त्यांना माघारी हळूबाई म्हणत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी त्यांच्या हाताखाली काउंटरवर लागले, तात्पुरत्या जागेवर. पहिल्याच आठवड्यात मी अभ्यासिकेत दंगा करणाऱ्या दोघांवर ओरडले. बाईंनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. "चारचौघांत झापलंस. आता ते तुझं ऐकायचं सोडून आपली इभ्रत सांभाळत बसतील. बोलायचं ते बाजूला घेऊन बोलावं."

त्या स्वतः तसंच करत. एखाद्या टेबलावर गोंगाट वाढला की रजिस्टर उचलून तिथंच जाऊन बसत आणि मुकाट्यानं नोंदी करत. दहा मिनिटांत टेबल शांत. तरी कुणी ऐकलं नाही तर त्याचं ओळखपत्र मागून घेत आणि ते न्यायला एकट्यानं केबिनमध्ये यायला लावत. आत काय बोलत कोण जाणे. बाहेर येणारा मात्र निमूट जागेवर जाऊन वाचायला लागे.

भैयाला हे लागू पडलं नाही. त्याचे चुलते नगरसेवक, आणि तो जाईल तिथं मागं पाच-सहा जण. परीक्षा तोंडावर आलेली, अभ्यासिकेत बसायला जागा नव्हती. पंख्याखालच्या खुर्चीत पेठ तालुक्यातल्या खेड्यातला लक्ष्मण सकाळपासून वाचत होता. त्याच्या भाड्याच्या एका खोलीत पाच जण राहत, म्हणून तो अभ्यासाला इथंच येई. भैयानं त्याला ऊठ म्हटलं.

"मी आधी आलोय ना," लक्ष्मण म्हणाला.

भैयानं खुर्चीच मागं ओढली. लक्ष्मण फरशीवर आपटला. बाई आल्या, त्यांनी त्याला हात देऊन उठवलं आणि तोच हात भैयापुढं धरला. "कार्ड." मला जेमतेम ऐकू आलं. भैयानं कार्ड त्यांच्या हातावर टाकलं आणि निघून गेला.

दुपारी तो वीस-पंचवीस पोरं घेऊन आला. व्हरांड्यात घोषणा सुरू झाल्या. "मुलींना मागच्या दारानं काढ," असं मला सांगून बाई पुढच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी परत आले तेव्हा त्या काहीतरी बोलत होत्या आणि ते ऐकू यावं म्हणून पुढची पोरं मागच्यांना गप्प करत होती.

"कार्ड आत आहे. एकटा ये आणि घेऊन जा."

एकटं जायला भैया तयार नव्हता. दोन पोरं हसली. त्यासरशी त्यानं दाराशेजारच्या नव्या पुस्तकांच्या कपाटाला लाथ घातली. काच खळकन फुटली, एक तुकडा बाईंच्या मनगटात घुसला. रक्त बघून पोरं पांगली. मी बाईंच्या मागंच उभी होते. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

चौकशी समिती बसली. तिसऱ्या दिवशी टाइप केलेला अहवाल आमच्यापुढं आला. त्यात लिहिलं होतं, लक्ष्मणनं भांडण उकरून काढलं, झटापटीत त्याच्याकडून काच फुटली, त्याचं हॉल तिकीट अडवावं. खाली साक्षीदार म्हणून आम्हा दोघींच्या सह्या हव्या होत्या.

"मॅडम, मिटवून टाका. वरून फोन येताहेत," प्राचार्य म्हणाले.

बाईंनी शेवटपर्यंत वाचलं. "काच फुटली एवढंच यात खरं आहे, सर," म्हणाल्या आणि पेन खाली ठेवलं. ते पेन माझ्यापुढं सरकलं. माझी नोकरी दर सहा महिन्यांनी सरांच्या पत्रावर चाले. मी सही केली.

आठवड्याच्या आत बाईंची बदली संस्थेच्या कळवणच्या कॉलेजात झाली. माझ्याकडे किल्ल्या देताना त्यांनी सहीचा विषयही काढला नाही. मलाच राहवेना. "बाई, मी घाबरले हो."

"मीही घाबरले होते. म्हणूनच त्या दिवशी दाराची चौकट धरून उभी राहिले." मग आवाज आणखी उतरला. "माझं काय, पुस्तकं तिकडेही आहेत. त्या पोराचं वर्ष जाईल."

दोन दिवसांनी लक्ष्मण काउंटरवर आला. घेतलेली पुस्तकं ठेवून म्हणाला, "मॅडम, नाव कमी करा. मी गावी चाललो."

"उद्यापर्यंत थांब," मी म्हटलं. काउंटरवर बसूनच मी पाहिलेलं सगळं लिहून काढलं, माझी आधीची सही खोटी आहे हेही लिहिलं आणि कागद सरांपुढं ठेवला. दुसरी प्रत विद्यापीठाला पाठवतेय, असंही सांगितलं. सरांनी कागद दोनदा वाचला. "परिणाम ठाऊक आहेत ना?"

"हो सर."

पेपरच्या आदल्या दिवशी लक्ष्मणला हॉल तिकीट मिळालं. मला पुढचं पत्र मिळालं नाही. भैयाला कुणी काही विचारलं नाही.

निकालानंतर मी कळवणला गेले. बाई पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. मनगटावर व्रण होता.

"लक्ष्मण पेपराला बसला?"

"बसला. पासही झाला."

"आणि तू?"

"घरी आहे."

त्यांनी डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढं ठेवली. "मुलाखतीत विचारतील, आधीची नोकरी का सुटली. काय सांगशील?"

"सांगेन काहीतरी. घरची अडचण म्हणून."

"खरं सांग. ते ऐकूनही जे घेतील, तिथंच काम कर."

बाई परत नाशिकला आल्या नाहीत. कळवणलाच निवृत्त झाल्या. मी दोन ठिकाणी खरं सांगितलं. दोन्हीकडून उत्तर आलं नाही. तिसऱ्या ठिकाणच्या मुख्याध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग आधी सही का केलीत?"

"घाबरले होते," मी म्हणाले.

"सोमवारपासून या," ते म्हणाले.